अडवला, असं मी सांगायचो

आम्ही दोघांनी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. सोलत ती होती. मी खाटेवर बसून मोबाइल पाहत होतो. खाटेच्या पायाला टेकून, माझ्याकडे पाठ करून ती खाली बसली होती. पुढ्यात ओल्या शेंगांचा ढीग, मांडीवर सूप. ओल्या दाण्यांचा सोलेभात करायचा होता. थंडीचे दिवस, उन्हं अंगणातून निघून चालली होती. मोबाइलवर आमच्या पोरीची हँडबॉलची मॅच चालू होती आणि मी बुढीला, म्हणजे बायकोला, ती सांगत होतो.

"आली... मारला... अडवला."

"कशानं?"

"पायानं."

"लागलं का तिले?"

"नाही लागलं. उभी हाय."

अकरा वर्षं आमचं असंच चाललं होतं. मी पाहायचं, तिनं पाठ करून ऐकायचं. बायको मरून आता चार महिने झाले. रडून झालं, पण डोक्यात काही गोष्टी फिरत राहतात. मी चौथी शिकलेलो. लिहायची सवय नाही. पण बोलायला घरात कोणी उरलं नाही म्हणून लिहून काढतो.

माझं टायरचं दुकान. पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबतात. पंक्चर काढायचं, हवा मारायची, घासलेला टायर पाहून ड्रायव्हरला खरं सांगायचं. खरं सांगण्यात माझं नाव होतं. टायर मधोमध घासला असला तर हवा जास्त भरतो. एका कडेनं घासला तर चाक तिरपं चालतं. एकाच बाजूचे टायर झिजले तर माल एका अंगाला लादतो. मी तोंडावर सांगायचो, "हा टायर हैदराबाद पाहात नाही. पाटणबोरीच्या अलीकडंच फुटते." ड्रायव्हर म्हणायचे, "काका, हवा मारा म्हटलं, कुंडली नाही इचारली." पण ऐकायचे. फटकळ माणूस खोटं बोलत नाही असं लोकांना वाटतं.

पोरगी एकुलती एक. दहाव्या वर्षीच आईच्या खांद्याच्या वर गेली होती. हात तर इतके लांब की शेजारची बाई म्हणायची, "इले नळावर पाठवाची गरज नाही, घरूनच बादली भरंल." शाळेत मास्तरांनी हँडबॉलचा संघ काढला. पळायला सगळ्या तयार होत्या, गोलात उभं राहायला कोणी नाही. ही उभी राहिली. मी विचारलं, "तूच काहून?"

"बाकीच्यायले पळा लागते, बाबा."

मला ते पटलं. आळशी माणसाची अक्कल चांगली असते. पण मग मी एकदा दुकान बंद करून खेळ पाहायला गेलो आणि डोकंच चक्रावलं. फुटबॉलच्या गोलकीपरला हातमोजे असतात, हिच्या हातात काहीच नाही. समोरची पोरगी पळत येते, उडी मारते, हवेतच असताना चार-पाच पावलांवरून दगडासारखा चेंडू फेकते. आणि ही काय करते? दोन्ही हात, एक पाय, जेवढं अंग आहे तेवढं फाकवून त्याच्या समोर उडी मारते. चुकवायचं सोडून मधे जाते. माणसाच्या अंगावर काही आलं की माणूस बाजूला होतो. कुत्रंसुद्धा होतं. हिला कोणी शिकवलं उलटं?

घरी आल्यावर मी तिला दुकानाच्या शटरसमोर उभं केलं आणि चेंडू मारून पाहिला. तिनं अडवला. मग म्हणालो, आता मी उभा राहतो, तू मार. तिनं हळूच मारला. तरी माझे डोळे आधी मिटले, चेंडू मागून शटरवर वाजला. समोरच्या चहाच्या टपरीवर दोन क्लीनर बसले होते, ते हसून हसून बाकावरून खाली आले.

"तू डोळे उघडे कसे ठेवते?" मी विचारलं.

"मीबी मिटतो ना, बाबा. पण उशिरा मिटतो."

हे उत्तर मी कितीतरी दिवस घोळवलं. ट्यूबला पॅच लावताना घोळवलं. उशिरा मिटायचे. बस, एवढीच विद्या.

आणखी एक गोष्ट मला आवडली. गोलासमोर अर्धगोल रेघ असते. तिच्या आत गोलकीपरशिवाय कोणाला पाय टेकवायची परवानगी नाही. ना समोरच्यांना, ना आपल्यांना. हवेत उडी मारून आले तर चालतं, पण जमीन तिची एकटीची. आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर कधी इतकी सरळ जागा नव्हती.

मग जिल्हा झाला, विभाग झाला, आणि राज्याची स्पर्धा यवतमाळला आली. आम्ही दोघं एसटीनं गेलो. बुढीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, डब्यात भाकर आणि ठेचा. पहिल्या अर्ध्या तासातच एक चेंडू पोरीच्या तोंडावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. पोरगी खाली. उठली तेव्हा नाकातून रक्त. पंचानं विचारलं, तिनं बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा हात पसरून उभी राहिली.

बुढी रडली नाही, ओरडली नाही. ती उठली आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. अख्खी मॅच तशीच, लोकांच्या तोंडाकडे पाहत. लोक म्हणत होते, "ओ मावशी, मॅच मागं हाय." ती म्हणाली, "मले माहीत हाय."

परतताना एसटीत मला म्हणाली, "मी आता पाहनार नाही. तुमी पाहा अन् मले सांगा."

पहिल्यांदा मी खरं तेच सांगितलं. नागपूरला मॅच होती, मी तिला सोबत नेलं, ती पाठ करून बसली आणि मी माझ्या सवयीनं बोलत गेलो. "गेला. गेला. हाबी गेला. अडवला. गेला." हळूहळू तिचे सुपारी फोडणारे हात थांबले. त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "पोरगी एवढी नापास होऊन राह्यली अन् तुमी तिले पाठवून राह्यले?"

मी पोरीला विचारलं, हे असं कसं? तिनं मला समजावलं की हँडबॉलमधे दहातले तीन चेंडू जरी अडवले, तरी ती गोलकीपर चांगली. चार अडवले तर लोक खांद्यावर घेतात. मला पटेना. दहातले सात पंक्चर मी तसेच सोडले तर कोण येईल दुकानात? पण नंतर पाहत गेलो आणि समजलं. या खेळात गोल होणार हे आधीच धरलेलं असतं. गोलकीपर फक्त त्यातून काही परत आणते.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. बुढीला कसं सांगणार? तिनं विचारलं की मी म्हणायला लागलो, "अडवला." गेला तरी अडवला. हुकला तरी अडवला. मी, ज्याचं खरं बोलण्यात नाव, तो घरात बसून बायकोला धडधडीत खोटं सांगत होतो, आणि तिचे हात चालू राहायचे. शेंगा सोलायची, वाती वळायची, तांदूळ निवडायची.

पण खोट्यालाही पुढं टायर लावावे लागतात. पोरगी हरून आली की बुढी विचारायची, "एकबी गेला नाही तं हारल्या कशा?"

मी म्हणायचो, "पुढच्या पोरी गोलच मारत नाहीत."

झालं. बुढीनं त्या पुढच्या पोरींवर राग धरला, तो कायमचा. तोवर पोरगी खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागली होती. वर्दी घालायची, पण ठाण्यात कमी आणि मैदानात जास्त. एकदा खात्याच्या संघातली एक मैत्रीण तिच्यासोबत घरी आली. गोऱ्या हसऱ्या पोरीनं बुढीच्या पाया पडून नमस्कार केला. बुढीनं विचारलं, "तू काय खेळते, बाई?"

"मी पुढं असते, काकू. गोल मारते."

बुढीनं तिला वरून खालपर्यंत पाहिलं. पोरीला दुधाचा चहा दिला, त्या मैत्रिणीला कोरा. आणि वर म्हणाली, "मारत जाय जरा, बाई. एकटीनं कितीक सांभाळावं?"

मैत्रीण पोरीकडे पाहायला लागली. पोरगी माझ्याकडे. मी उठून जॅक शोधायला गेलो.

अंगणात पोरीनं मला गाठलं. "बाबा, तुमी मायले काय सांगून ठेवलं?"

"काय सांगितलं?"

"मागच्या मॅचमंदी सव्वीस गेले माह्यावर. अन् आपल्या साऱ्या गल्लीत बाया मले म्हणून राह्यल्या, एकबी जाऊ देत नाही म्हणे!"

"चूप राह्य. तुही माय जेवते त्याच्यानं."

तीही चूप राहिली. आम्ही दोघं मिळून एका बाईला फसवत होतो आणि दोघांनाही त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

दर दिवाळीला पोरगी आली की जुने बूट घरी ठेवून जायची. नवे घेतलेले असायचे. मी म्हणायचो विकून टाकू, बुढी टाकू द्यायची नाही. मागच्या खोलीत खुंट्यांना जोड टांगलेले असायचे, धुळीत, वर्षामागून वर्षं. मी रोज त्यांच्याखालून पाना काढायला जायचो.

तर त्या संध्याकाळची मॅच. दुसऱ्या राज्यात कुठंतरी खात्याखात्यांची स्पर्धा, आणि मोबाइलवर ती दिसत होती. मी सांगत होतो, ती सोलत होती. मधेच रेंज गेली. पडद्यावरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि त्यांच्या पोटावर एक चाक गरगर फिरायला लागलं. चेंडू हवेत, पोरगी हवेत.

"काय झालं?" बुढीनं विचारलं.

तोंडाला सवय लागली होती. मी म्हणालो, "अडवला."

नेमकं त्याच वेळी ती मला मूठभर दाणे द्यायला वळली. कच्चे सोले मला आवडतात म्हणून ती नेहमी द्यायची. तिनं मोबाइल पाहिला. फिरणारं चाक पाहिलं. मग माझं तोंड पाहिलं.

"काय अडवलं?"

मी मोबाइल हलवून पाहिला.

"मी इचारून राह्यली, काय अडवलं? इथं तं सारे थांबले हायेत."

तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला. तेवढ्यात रेंज आली. चेंडू जाळ्यात गेला. मग थोड्या वेळानं आणखी एक गेला. मग आणखी एक. एक अडवला. मग एक गेला. ती खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांनी आम्ही दोघं एकाच बाजूला तोंड करून बसलो होतो आणि माझ्या कपाळाला थंडीत घाम.

मला वाटलं आता पोरीसाठी रडेल. ती म्हणाली, "त्या बिचाऱ्या पोरीले मी कोरा चहा देल्ला."

"कोणत्या?"

"गोल मारनारीले! हे पाहा, हे तेच हाय ना? हे तं मारून राह्यली. केवढी मारून राह्यली, अन् मी तिले..." तिनं माझ्या दंडावर जोरात चापट मारली. "तोंडाचा फटकळ म्हणे! खोटारडा बुढा."

मग मी तिला सगळं सांगितलं. दहातले तीन. गोल होणारच हे धरलेलं असतं. तिनं ऐकलं की नाही कोणास ठाऊक. ती पाहत होती. एक चेंडू पोरीच्या छातीवर आदळला. बुढीनं डोळे मिटले, पण तोंड फिरवलं नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "गोल झाला की चेंडू हेच काढून देते का?"

"हो. जाळ्यातून काढाचा अन् मधात फेकाचा. लवकर."

"दर खेपी?"

"दर खेपी."

"दुसरं कोणी वाकत नाही?"

मी म्हणालो, ती जागा तिची एकटीची असते. बुढी आणखी जवळ वाकली. नाक पडद्याला लागेल इतकं. मग म्हणाली, "उजव्या पायावर बसत नाही ते."

"कोण?"

"आपली. चेंडू काढाले वाकते तं डावा गुडघा वाकवते. उजवा सरळ ठेवते. पाहा."

"अवं, बसते. आत्ताच तिनं पायानं अडवला."

"अडवताना बसते. मंग उठताना पाहा. हात टेकवते."

मी पाहिलं. पुढचा गोल झाला. पोरगी वळली, डावा गुडघा वाकवला, उजवा पाय मागं काठीसारखा सरळ, चेंडू काढला, उठताना मांडीवर हात टेकवला. त्याच्या पुढच्या गोलालाही तसंच. मी अकरा वर्षं तिच्या मॅच पाहत होतो, आणि चेंडू जाळ्यात गेला की मी नजर समोरच्या संघाकडे वळवायचो. मागं ती काय करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमी चेंडू पाह्यत होते," बुढी म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

मॅच आमच्या पोरी जिंकल्या. सगळ्या उड्या मारत एकमेकींच्या अंगावर पडल्या. आमची पोरगी चालत गेली. बुढीनं मोबाइल माझ्या हातात दिला. "लावा फोन तिले."

"आत्ता नाही उचलत. मॅच झाली की त्यायचे फोन मॅनेजरपाशी राह्यते. सकाळी देते."

"मंग सकाळी लावा. मले इचाराचं हाय, गुडघा कधीपासून दुखते. तुमाले नाही सांगनार ते. मले सांगनार."

"इचार."

"आधी मले देजा. तुमी नका बोलू. तुमी पंचाईत करता."

सोलेभात झाला. तिनं नेहमीपेक्षा चांगला केला होता, असं आता वाटतं. तेव्हा मी मीठ कमी आहे म्हणालो होतो. जेवताना ती दोनदा म्हणाली, सकाळी आठवण ठेवा. नंतर ती भिंतीकडे तोंड करून झोपली, रोज झोपायची तशी.

सकाळी मला जाग आली ती चुलीचा आवाज आला नाही म्हणून. चाळीस वर्षांत ती माझ्या मागून उठली नव्हती. मी हाक मारली. मग हात लावला. अंग थंड होतं. अजून ती भिंतीकडे तोंड करूनच होती, हात गालाखाली. शेजारच्या बाईला हाक मारली. ती आली, नाडी पाहिली, नाकापाशी हात धरला आणि तोंडात पदर घालून बसली. मग म्हणाली, "भाऊ, पोरीले फोन लावा. मी सांगून येतो सगळ्यायले. तोवर हलवू नका." ती गेली.

घरात मी आणि बुढी. मोबाइल हातात होता. पण मी आधी मागच्या खोलीत गेलो. का गेलो ते तेव्हा कळत नव्हतं, पाय गेले. खुंटीवरचे बूट खाली काढले. सगळ्यात जुना जोड उलटा केला. दोन्ही तळ सारखे झिजलेले. त्याच्या पुढचा. सारखे. त्याच्या पुढचा. सारखे. मग या दिवाळीला ठेवून गेलेला जोड. डाव्याचा तळ बाहेरच्या कडेनं पार गुळगुळीत, उजव्यावर नक्षी तशीच, जणू आत्ता दुकानातून आणलाय. माल एका अंगाला. आंधळ्यानं चाचपून सांगितलं असतं. आणि हा जोड तीन महिने माझ्या डोक्यावर टांगलेला होता.

तो जोड घेऊन मी अंगणात आलो आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा! जिंकलो ना काल! पाह्यली का मॅच? मायले काय सांगितलं, अडवले का मी सारे?" आणि हसायला लागली.

मला माहीत होतं, एकदा दुसरी गोष्ट सांगितली की गुडघ्याचं कोणी बोलणार नाही. मीही नाही, तीही नाही. बुढीनं विचारलेलं तसंच राहून जाईल.

मी म्हणालो, "मायनं काल सोता पाह्यलं. तोंड करून. तिनं इचारलं हाय, गुडघा कधीपासून दुखते?"

हसणं थांबलं.

"कोणता गुडघा?"

"उजवा."

मग ती म्हणाली, "दिवाळीनंतर थोडा... काही नाही हो, बाबा."

"खोटं नको बोलू. दिवाळीले ठेवलेला जोड माह्या हातात हाय."

मागं कोणीतरी तिला नाश्त्याला बोलावत होतं.

"मागच्या उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणते ऑपरेशन लागंल. मंग गोलात उभं राह्यता येईल का नाही, सांगता येत नाही म्हणते. म्हणून नाही सांगितलं. बाबा, मायले नका सांगू."

"तिनंच इचारलं हाय," मी म्हणालो. "थांब."

फोन खाटेवर ठेवला आणि आत गेलो. ती तशीच होती, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्यामागं खाली बसलो.

"मागच्या उन्हाळ्यापासून दुखते," मी सांगितलं. "ऑपरेशन लागंल म्हणते. तू बरोबर पाह्यलं."

मग बाहेर येऊन फोन उचलला आणि पोरीला बाकीचं सांगितलं.